डोळे मिटून बोट ठेवा

२ जानेवारी, गुरुवार

मलमाची दुसरी ट्यूब संपली. डाव्या हातावरचा डाग आहे तिथंच. गणपतीत दिसला तेव्हा बोराएवढा होता, आता बंद्या रुपयाएवढा. गजकर्ण असतं तर एव्हाना कडेनं लाल झालं असतं, खाजून जीव नकोसा केला असता. हा खाजत नाही. थंडीनं कातडी कोरडी पडली असेल. असो.

मेडिकलवाला शफीक म्हणाला, "साळवे साहब, ये तीसरी ट्यूब है. किसी डॉक्टर को बता दो ना." म्हटलं, "भाभी के लिए है." उगीच कमलला मध्ये ओढलं.

दुपारी नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्य मॅडमचा फोन. तीस तारखेला कुष्ठरोग निवारण दिन. मुलींपुढं तासभर बोला म्हणाल्या, 'कुष्ठरोगाचा इतिहास, प्राचीन काळापासून आजपर्यंत'. मी बत्तीस वर्षं कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो, गावोगाव सायकलवर फिरून लोकांच्या पाठी तपासल्या. रिटायर होऊनही पाच वर्षं झाली. पण प्राचीन काळात माझी बदली कधी झाली नव्हती. तरी हो म्हणून बसलो. मॅडम असंही म्हणाल्या की बरा झालेला एखादा पेशंट आणा, मुलींना भेटू द्या.

४ जानेवारी, शनिवार

विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार तास. डोळे दुखले.

टिपणं: जुन्या वैद्यांना हा रोग माहीत होता, अठरा प्रकारच्या कुष्ठांत तो मिसळून गेलेला. तुवरक नावाच्या झाडाच्या बियांचं तेल प्यायला देत. हेच तेल पुढं गोऱ्या डॉक्टरांनी सुईतून द्यायला सुरुवात केली. मी नोकरीला लागलो तेव्हा पाचोडला एक म्हातारा भेटला होता, त्यानं ते घेतलेलं. सांगायचा, साहेब, ढुंगण असं सुजायचं की बैलगाडीत पालथं झोपून यावं लागायचं. मग डॅप्सोनची गोळी आली, ती जन्मभर घ्या. मग आम्ही गावोगाव वाटली ती एमडीटी, तीन औषधं मिळून, सहा महिने नाहीतर वर्षभर, आणि माणूस बरा.

मधली पानं वाचून मात्र डोकं फिरलं. वेशीबाहेरच्या झोपड्या, पकडून नेणं, वेगळ्या वसाहती. घटस्फोटाला हे कारण कायद्यात आत्ता आत्तापर्यंत होतं. सगळ्या इतिहासात माणसाला गावाबाहेर ठेवायचे प्रकारच जास्त, औषध अगदी शेवटच्या पानावर. मुलींना हे असंच सांगावं का?

५ जानेवारी, रविवार

नवव्या दिवशी नळाला पाणी. पिंप, बादल्या, पातेली, सगळं भरलं. कमल म्हणाली, "बाह्या वर करा की, शर्ट भिजू लागला." केल्या नाहीत. ओल्या शर्टात तासभर कुडकुडलो.

दुपारी ती शेजारी गेल्यावर गच्चीवर बसून चाचणी घेतली. कापसाची वात केली, डोळे मिटले, उजव्या हातानं डाव्या हाताला टेकवत गेलो. लागतंय. डागावरही लागतंय. संवेदना शाबूत.

वरचं वाक्य खोटं आहे, पण खोडत नाही. ही चाचणी स्वतःची स्वतः होत नाही. पेशंटनं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं वात टेकवायची आणि जिथं लागलं तिथं पेशंटनं बोट ठेवायचं. माझ्या उजव्या हाताला ठाऊक होतं की तो कुठं चाललाय. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवायचो. एक जण आरशात बघून स्वतःला तपासत होता, त्याला सगळ्यांसमोर हसलो होतो.

कमलला वात धरायला सांगू शकत नाही. पस्तीस वर्षं माझ्याबरोबर काढलीत, वात हातात घेताच तिला कळेल.

९ जानेवारी, गुरुवार

रविवारी रेखा येतेय, छोटीला घेऊन. पुण्याहून, पाच दिवसांसाठी. नात नऊ महिन्यांची झाली. बाळंतपण इथंच झालं, दवाखान्यातून बाहेर आणल्यावर पहिल्यांदा मीच घेतली होती. जून संपेपर्यंत माझ्या खांद्यावरच झोपायची.

कमलला बोरन्हाण करायचंय. म्हटलं, आपल्यात कुठं असतं ते. तर म्हणे, "बोरं अन् कुरमुरे डोक्यावर पडल्यावर लेकरू हसतं, त्यात कसला आलाय धर्म." वाद घातला नाही. तिच्याशी वादात मी एकदाच जिंकलो, तेही तिचा घसा बसला होता म्हणून.

मला ते लेकरू येऊ नये असं वाटतंय. हे लिहिताना लाज वाटते.

१२ जानेवारी, रविवार

आल्या. सर्दी झाली म्हणून मी तोंडाला मास्क लावून बसलो. रेखानं पोरगी पुढं केली. मी म्हटलं, "नको, तिला होईल." पोरीनं मास्क ओढायला हात पुढं केला, मी मागं सरकलो.

स्पर्शानं होत नाही. असा सहज तर होतच नाही, वर्षानुवर्षं सोबत राहूनही बहुतेकांना होत नाही. हे मी किती चावड्यांवर, किती शाळांच्या ओट्यांवर सांगितलं याला मोजमाप नाही. लोक माना डोलवायचे आणि मी दिलेला चहा कोपऱ्यात ओतायचे. मला राग यायचा त्यांचा.

१४ जानेवारी, मंगळवार

नामविस्तार दिन. सकाळी कमल आणि मी विद्यापीठ गेटवर जाऊन आलो. गर्दी होती. पुस्तकांच्या स्टॉलवर जुना सहकारी भेटला, तोही रिटायर. हात मिळवायला पुढं केला तर मी नमस्कार केला. तो म्हणाला, लई मोठा झालास काय.

संध्याकाळी बोरन्हाण. छोटी पाटावर बसवलेली. बोरं, कुरमुरे, तिळाच्या रेवड्या डोक्यावर पडल्या, आधी दचकली, मग खिदळायला लागली. आणि पाटावरून उतरून रांगत थेट माझ्याकडं. सगळे बघत होते. माझ्या पायजम्याला धरून उभं राहायला लागली.

मी उठलो आणि दूध आणायला गेलो. घरात दुधाच्या दोन पिशव्या होत्या.

१६ जानेवारी, गुरुवार

रेखा गेली. स्टँडवर गाडीत बसताना विचारलं, "बाबा, तुम्हाला काही झालंय का?" म्हटलं, सर्दी. तिनं खिडकीची काच ओढून घेतली. घरी येताना रिक्षात कमल म्हणाली, "पोरगी रडली काल." का, विचारायची हिंमत झाली नाही.

१८ जानेवारी, शनिवार

पिशोरला जाऊन आलो. जनाबाईला व्याख्यानासाठी बोलवायला म्हणून गेलो होतो. झालं भलतंच. नीट लिहून ठेवतो.

जना माझी अगदी सुरुवातीची पेशंट. नवी नवरी होती, विशीचीसुद्धा नव्हती. कोपराच्या वर डाग. तिच्या सासूनं तो बिब्बा लावून जाळला होता. कातडी सोलली तरी पोरीला कळलं नव्हतं, आणि सासूला वाटलं पोरगी सोशिक आहे. पुढं तिला माहेरी धाडली. पण नवरा सोन्यासारखा. दर महिन्याला बाजाराचं निमित्त करून तिला घेऊन यायचा, विहिरीजवळच्या बाभळीखाली माझ्यासमोर गोळ्या गिळायला लावायचा. बरी झाली. नंतर त्याच सासूचं शेवटचं दुखणं तिनंच काढलं. आता नातवंडं आहेत.

अंगणात अद्रक धूत बसली होती. मला पाहून उठली, "या साहेब, लई दिसानं." चहा ठेवायला सांगितला सुनेला. अद्रकाच्या मातीनं माझेही हात भरले, टाकीवर धुवायला गेलो आणि सवयीनं बाह्या वर केल्या.

"साहेब, ह्ये काय?"

"गजकर्ण."

जना हसली. "मी बी गजकर्णच म्हणले व्हते."

मग आत गेली, देवघरातली वात घेऊन आली, तिचं टोक नखानं उकलून बारीक केलं. मी शिकवलेलं नव्हतं, पण वर्षभर दर महिन्याला हेच तिच्यावर केलं होतं. म्हणाली, "मिटा डोळे. अन् खोटं बोट ठेवू नका, तुमीच म्हणायचे."

उन्हात बाजेवर बसलो. डोळे मिटले. मनगटावर लागलं, बोट ठेवलं. तळहातावर, ठेवलं. कोपरावर, ठेवलं. मग नुसताच बसून राहिलो. घरात सून कप विसळत होती, तो आवाज येत होता. म्हटलं, "लाव की गं." पुन्हा म्हटलं, "थांबलीस कामून?"

"थांबले नाय साहेब. चौथा डाव हाय."

डोळे उघडायची भीती वाटली. साठी उलटलेला माणूस मी, त्या अंगणात डोळे मिटून बसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं. जनानं पुसलं वगैरे नाही. म्हणाली, "च्या घ्या, गार व्हईल." चहा प्यायल्यावर विचारलं, "आता गोळ्याला तुमाला घेऊन कोण जाईल? कमलबाईला सांगितलं का? नाय ना. मग मीच येते सोमवारी."

म्हटलं, अगं मी काय लहान आहे का. तर म्हणे, "तुमी गोळी गिळली तर मी तीस तारखेला येते तुमच्या पोरीयसमोर. नायतर येत नाय."

सौदा झाला.

२० जानेवारी, सोमवार

जना खरंच पहिल्या एसटीनं आली. दवाखान्यात इंगळे. हा माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आता स्वतः तंत्रज्ञ, टक्कल पडलंय. "सर, या या, व्याख्यानाचं काही हवंय का?" मी बाही वर केली. त्याचा चेहरा उतरला, मग लगेच कामाचा चेहरा केला. बरं वाटलं. तो चेहरा मीच शिकवलाय.

रीतसर तपासलं. मग डॉक्टरांनी पाहिलं. एकच डाग, बधिर. कोपराजवळची नस किंचित जाड. बोटांत ताकद पूर्ण. सहा महिन्यांचा कोर्स. पेशंट म्हणून सही केली.

इंगळे म्हणाला, "चार महिने उशीर केलात सर. दुसऱ्या कुणी केला असता तर तुम्ही सोडलं असतं का?" नसतं सोडलं. मी तर मागच्या तीन ट्यूब शफीककडून घेतल्या.

महिन्याचा पहिला डोस समोर गिळायचा असतो. गिळला. बाकावरून जना म्हणाली, "तोंड उघडा." वॉर्डबॉय हसायला लागला. मी तोंड उघडून दाखवलं. तिच्या वेळी मी हेच करायचो, गोळी जिभेखाली दडवायची ती.

इंगळेनं शेवटी सांगितलं, "सर, घरच्यांची तपासणी." मला माहीत होतं. वर्षभरात जे जे सोबत राहिले ते सगळे. म्हणजे कमल. म्हणजे रेखा, आणि छोटीपण.

जना स्टँडवर म्हणाली, कमलबाईला आजच सांगा.

चारच्या चहाला सांगितलं. कमलनं कप खाली ठेवला. मग विचारलं, "कवापासून?" गणपतीपासून. तिनं मनाशी महिने जुळवले असतील. "म्हणजे पोरीला घेतलं नाय ते ह्याच्यापायी." हो म्हटलं. मग जी सुटली ती सुटलीच. रोगाबद्दल एक शब्द नाही. "दुनियेला शिकवत फिरलाव. लोकाच्या लेकरायला मांडीवर घेऊन फोटो काढलेत तुम्ही. अन् आपली नात रांगत आली तर पाठ केली. मी चारचौघीत सांगत आले की आमच्या ह्यायला लई अक्कल हाय." मी ऐकून घेतलं. शब्द न् शब्द खरा होता.

जेवताना अबोला. पण माझ्या ताटातली ठेच्याची चिमूट उचलून तिनं स्वतःच्या भाकरीवर घेतली. नेहमी घेते तशीच.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी लघवी लाल. ओरडणारच होतो, मग आठवलं, औषधाचा रंग. ज्यांना ज्यांना मी 'घाबरू नका, रंग आहे' सांगितलं त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली. जना तर तेव्हा घरी जाऊन निजली होती, आता मरणार म्हणून.

कमलची तपासणी मीच केली, गच्चीवर, भरउन्हात. चादरी आडव्या बांधल्या. इतक्या वर्षांच्या संसारात तिची पाठ अशी उजेडात नीट पहिल्यांदा पाहिली. उजव्या खांद्यावर दोन तीळ आहेत, मला माहीतच नव्हते. डाग एकही नाही. तरी इंगळेकडं नेऊन आणली, त्यानं तिला एक डोसही दिला, सोबतच्यांना देतात तो.

रेखाला सांगायचंय. कमल म्हणते आज. मी म्हणतो रविवारी, तिला सुट्टी असते.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आल्यावर फोन लावला. पाठ केलेलं सगळं विसरलो. सरळ सांगितलं, बाळा, मला कुष्ठरोग झालाय, औषध सुरू आहे, बरा होईन, पण तुला आणि छोटीला दाखवून घ्यावं लागेल.

मग रेखा हसायला लागली. मग रडायला. "बाबा, मला वाटलं कॅन्सर आहे. तुम्ही तिला घेत नव्हतात तेव्हा मला वाटलं, आता लळा तोडताहेत. दहा दिवस झोप नाही मला. हे एवढंच होतं?" एवढंच. माझीच लेक आहे. लहानपणी माझ्या बॅगेतल्या पत्रकांवर चित्रं काढायची.

जावयाला सांगते म्हणाली, तो समजून घेईल, उद्याच तपासून येऊ. आवाज हलका झाला होता. मग एकदम खाली आला. "पण बाबा, आईंना नको कळायला. त्या जुन्या वळणाच्या आहेत. आमच्या सोसायटीत एका बाईला कोड होतं तर त्या तिच्याकडचं हळदीकुंकवाचं वाणसुद्धा घेत नव्हत्या. तीस तारखेला तुम्ही स्वतःचं काही बोलू नका. प्लीज. मला याच घरात राहायचंय."

विहीणबाई माणूस चांगल्या. माहेर अजिंठ्याकडचं, लग्न होऊन पुण्याला गेल्या. लग्नात आमच्याकडून हुंडा, मानपान काहीच घेतलं नाही त्यांनी. पण रेखा रोज त्यांच्यासोबत राहते, मी नाही.

बरं म्हटलं. नाही बोलणार.

२८ जानेवारी, मंगळवार

रेखाचा मेसेज: तिघांची तपासणी झाली. काही नाही. छोटीला औषध नको, फक्त लक्ष ठेवा म्हणाले. आईंना डोळ्याच्या दवाखान्यात जातो सांगून गेलो.

देवळात गेलो असतो तर नारळ फोडला असता. कमलनं शिरा केला.

व्याख्यान लिहून झालं. तुवरकापासून एमडीटीपर्यंत, अकरा पानं. त्यात मी कुठंच नाही. चांगलं झालंय.

३० जानेवारी, गुरुवार

संध्याकाळचे सहा. अजून डोकं जागेवर नाही.

जना इरकली लुगडं नेसून आली होती. आधी मी. अकरा पानं वाचली, मुली जांभया देत होत्या, सातव्या पानाला पुढच्या रांगेतली एक झोपली. मग जना उभी राहिली. कागद नाही, माईक उलटा धरलेला. बिब्ब्याचं सांगितलं, बाभळीखालचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. "साहेबानं माझा हात हातात धरला तवा मला वाटलं, म्या माणूस हाय." एवढं बोलून बसली. एक मुलगीसुद्धा हलली नाही.

मग प्रश्न. मागून एक बारीकशी मुलगी उठली, पाचोडकडची असावी बोलण्यावरून. "सर, इतकी वर्षं तुम्ही पेशंटमध्ये राहिले. तुम्हाला कधी भीती वाटली नाय का?"

नाही, असं उत्तर तयार होतं. बत्तीस वर्षं हेच उत्तर दिलं. आणि जना माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "वाटली. याच महिन्यात." आणि कोट काढला, बाही वर केली. सांगितलं सगळं. मलमाच्या ट्यूबा, गच्चीवरची खोटी चाचणी, नात रांगत आली तेव्हा दूध आणायला गेलो तेसुद्धा. म्हटलं, मला सगळं माहीत असून मी असा वागलो, तर ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यावर चिडू नका.

प्राचार्य मॅडम पाणी प्यायल्या. ती बारीक मुलगी म्हणाली, "सर, आम्ही तपासू?"

आणि मग रांग लागली. खुर्चीत बसलो, डोळे मिटले. एकेक मुलगी येते, वात टेकवते, कुणाचा हात गार, कुणाचा थरथरतोय. "सर, बोट ठेवा." "सर, आता?" जना शेजारी उभी राहून दुरुस्त करत होती, "पोरी, वात घासू नको, नुसती टेकव." अर्धा तास. इतक्या हातांनी मला एका दिवसात कधी शिवलं नव्हतं. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी येताना आठवलं, रेखाला शब्द दिला होता. आणि दोनतीन मुली मोबाइल धरून उभ्या होत्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

व्हायचं तेच झालं. व्हिडिओ फिरतोय. शफीकनं दुकानातून हाक मारली, "साहब, आपको मोबाइल पे देखा. बहुत बढ़िया." आणि मग हळूच, "वो ट्यूब भाभी के लिए नहीं थी ना?"

शेजारच्या घरातलं कुणी कालपासून आलं नाही, रोज पेपर न्यायला यायचे. कमल पेपर त्यांच्या दारात ठेवून आली. म्हणाली, बघू कोण किती दिवस टिकतं.

रेखाचा फोन. रागावली नाही, ते जास्त लागलं. "बाबा, मी एकच गोष्ट मागितली होती." म्हटलं, चुकलो, पण त्या पोरीनं विचारल्यावर खोटं बोलता येईना. ती म्हणाली, "तुम्हाला येईना. इथं मला बोलावं लागेल." ठेवला.

कमलला विचारलं, चुकलं का माझं? ती म्हणाली, "रेखाला विचारून बोलायला पाहिजे व्हतं. बोलायलाच पाहिजे व्हतं, पण विचारून." दोन्ही एकदम कसं जमतं ते तिनं सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

रेखाचा फोन नाही. केला तर उचलत नाही. जावयाचा मेसेज आला: 'आईनं व्हिडिओ बघितला. काही बोलत नाहीये. दोन दिवस जेवली नाही नीट. आम्ही बघतो, काळजी करू नका.'

गोळ्या घेतोय. डागावर हात फिरवायची सवय लागलीय.

पेपर न्यायला शेजारचे आज आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत, पण आले.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अकराला फोन. रेखाचा नंबर. उचलला तर आवाज विहीणबाईंचा.

"दादा, मी बोलते."

मी खुर्चीतून उभा राहिलो. माफी मागायचं ठरवलं होतं, सुरुवातही केली. त्यांनी मध्येच थांबवलं.

"तुमचा व्हिडिओ तीन डाव पाह्यला. मी आतल्या खोलीत हाय, रेखाला बाहेर थांब म्हणले. तुम्हाला एक इचारायचंय." मग दार लावल्याचा आवाज आला. "दादा, मला एक भाऊ व्हता. आमच्या घरात त्याचं नाव घेत नसत. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला अन् तिकडंच वारला, असं सगळ्या गावाला सांगितलेलं. मी नऊ वर्साची व्हते. पण मी पाह्यलं व्हतं. पहाटेच्या पारी मपल्या बापानं त्याला बैलगाडीत बसवलं, अंगावर घोंगडी टाकली अन् नेलं. त्याच्या हाताची बोटं वाकली व्हती. तो मला म्हणला, बाई, पाटी घेऊन येतो तुला."

मी वही-पेन पुढं ओढलं.

"जन्मभर मी त्या रोगाचं नाव निघालं की उठून जायचे. रेखाला वाटत असंल, मला किळस हाय. इचारू कुणाला दादा? माणूसच भेटला नाय कुणी. आता तुम्ही घरातलेच निघालाव."

म्हटलं, विहीणबाई, तेव्हाचे बरेच जण एमडीटी घेऊन बरे झाले. बोटं सरळ होत नाहीत, पण माणूस जगतो. जुन्या वसाहतींत आजही म्हातारे आहेत, त्यांच्या नोंदी असतात. सापडेलच असं नाही सांगत. शोधता येतं. नाव सांगा.

त्यांनी नाव सांगितलं. पन्नास वर्षांत तोंडातून निघालं नव्हतं म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या स्वतः येताहेत, रेखाला आणि छोटीला घेऊन. शेवटी रेखानं फोन घेतला. "बाबा," एवढंच म्हणाली, आणि नाक ओढलं. मागं छोटी ओरडत होती.

उद्या इंगळेकडं जायचं, जुन्या नोंदी कुठं कुठं आहेत ते विचारायचं. जनालाही विचारायचं, तिला तिकडची माणसं माहीत असतात. टिपून ठेवतो:

दगडू. गाव अजिंठ्याच्या अलीकडं, डोंगराकडची वस्ती. नेलं तेव्हा वय सतरा. डाव्या भुवईवर खोक. बहीण हयात आहे, नऊ वर्षांची होती. विहीणबाई म्हणाल्या, जिता असला तर सांगा, अन् नसला तरी सांगा, पण मला सांगा. मी हो म्हणालो.